तहकूब म्हणायचं तर तारीख द्या

फोन ठेवताना मी 'तहकूब' म्हणते, याचं तुम्हा दोघांना हसू येतं. परवा धाकटीनं तर सुनावलंच, "आजी, नीट बाय म्हण ना." नाही म्हणणार. बाय म्हटलं की बोलणं संपतं. माझं बोलणं संपलेलं नसतं. तुमची झोपायची वेळ झालेली असते, एवढंच. म्हणून मी "तहकूब, उद्या साडेसात" म्हणते आणि दुसऱ्या दिवशी साडेसातला फोन लावते. तुम्ही हसा. या वयात मी शब्द बदलणार नाही, आणि हा तर नाहीच.

हा शब्द मला ज्यांच्याकडून मिळाला ते आमच्या गावच्या वाचनालयाचे चिटणीस होते. तालुक्याच्या कोर्टात ते शिरस्तेदार, म्हणजे तिथले थोरले कारकून, म्हणून निवृत्त झाले. गावात त्यांना सगळे शिरस्तेदारच म्हणत. त्यांची बायकोसुद्धा. त्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली. मी आयुष्यभर मुलांना निबंधाआधी टाचण काढायला लावलं, तसं आज स्वतःही काढलं होतं. पण या माणसाबद्दल लिहायला बसलं की टाचण बाजूला राहतं आणि पहिल्यांदा त्यांची अर्धी दाढी आठवते.

मी ताडकळसच्या रस्त्यावरच्या या गावात हायस्कूलला इंग्रजी शिकवायला आले तेव्हाची गोष्ट. वाचनालयाच्या कार्यकारिणीवर एक स्त्री सभासद हवी होती, आणि मिशनच्या शाळेत शिकलेली, वेळेवर येणारी, घड्याळ घालणारी बाई गावात मी एकटीच होते. पहिल्या बैठकीला गेले तर चिटणीसांच्या खुर्चीत एक उंच, वाळका माणूस बसलेला. पांढरा पायजमा, काळा बंद गळ्याचा कोट, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. डावा गाल गुळगुळीत आणि उजव्या गालावर चार दिवसांचे पांढरे खुंट. मी बघत राहिले असेन.

"अर्धी दाढी तहकूब हाय, बाई," ते अगदी कामकाजाच्या आवाजात म्हणाले. "न्हाव्याची म्हैस व्यायलीय. चार वाजता पुढं चालू."

कुणीतरी म्हणालं, "शिरस्तेदार, घरी वस्तरा न्हाई का?"

"हाय की. पण काम त्यानं सुरू केलंय. मधेच दुसऱ्याकडं दिलं तर त्याचा अपमान न्हाई का?"

त्या दिवशी ते अर्ध्या चेहऱ्यानं गावभर हिंडले, पोस्टात गेले, बँकेत गेले, आणि चार वाजता न्हाव्याच्या ओट्यावर जाऊन बसले. म्हशीला रेडी झाली होती. उजवा गाल झाला.

शब्दांच्या बाबतीत ते फार कडक होते. मी एकदा बोलता बोलता म्हणाले, "सहल मुलतवी झाली म्हणा किंवा तहकूब झाली म्हणा, एकच." त्यांनी हातातला चहा खाली ठेवला आणि कपावर बशी पालथी घातली. चहा तहकूब झाल्याची ती खूण.

"एकच कसं, बाई? सुरू व्हायच्या आधीच पुढं ढकललं तर मुलतवी. वरच्यानं थांबवलं तर स्थगिती, तिथं आपला इलाज न्हाई. कायमचं मोडलं तर बरखास्त. आन् काम सुरू झालं, मधी अडलं, आपण होऊन उठलो, पण परत यायच्या बोलीवर उठलो, तर ते तहकूब. त्यात दोन गोष्टी लागत्यात. का उठलो ते सांगायचं, आन् परत कधी बसायचं ती तारीख द्यायची. तारीख न्हाई दिली तर त्याला पळून जाणं म्हणत्यात."

मग बशी उचलून ते उरलेला गार चहा प्याले.

मला हे सगळं त्या वेळी कारकुनी खूळ वाटलं. पण पुढं माझ्या नोकरीची मान्यता अडली आणि वरच्या कचेरीतून इंग्रजीत पत्र आलं, की तुमचं प्रकरण 'अॅबेयन्स'मध्ये ठेवलं आहे. मी त्यांना अर्थ सांगितला. तात्पुरतं बाजूला ठेवलंय.

"कधीपर्यंत?"

"ते लिहिलेलं नाही."

"मग ह्यो शब्द लय गुळगुळीत हाय. धरायला जागाच न्हाई. लिहा त्यास्नी, तारीख कळवा म्हणून."

मी लिहिलं. उत्तर नाही. त्यांनी पुन्हा लिहायला लावलं, मग पुन्हा. प्रत्येक पत्रात एकच ओळ, अतिशय सभ्य इंग्रजीत: कृपया तारीख कळवावी. चौथ्या पत्रानंतर मान्यताच आली. बहुधा तारीख देण्यापेक्षा मान्यता देणं त्यांना सोपं गेलं.

आता त्यांच्या बायकोबद्दल. मी त्यांना वहिनी म्हणे. ठेंगण्या, गोऱ्या, हसऱ्या, आणि नवऱ्याच्या प्रत्येक नियमाला स्वतःचं उत्तर असलेल्या. या दोघांची भांडणंसुद्धा तहकूब होत. एकदा मी त्यांच्याकडे बसले असताना लोणच्याच्या बरणीवरून जोरात जुंपली. तेवढ्यात बाहेरून कुणी हाक मारली. शिरस्तेदार उठले, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "तहकूब. साडेसहाला." आणि गेले. संध्याकाळी वहिनी शेंगा फोडत बसल्या होत्या, मीही होते. बरोबर साडेसहाला ते आत आले, पाटावर बसले आणि म्हणाले, "हं. तर बरणीला झाकण कुणी लावलं न्हाई, इथपर्यंत आलो होतो."

"अगं बाई," वहिनी मला म्हणाल्या, "मी तर इसरूनच गेले होते. ह्यांना म्हणावं, माझी बाजू बी तुमीच मांडा, मला शेंगा फोडायच्यात."

आणि त्यांनी खरंच मांडली. दोन्ही बाजू. निकाल वहिनींच्या बाजूनं लागला.

गाव त्यांना हसे. विशेष हसे ते त्यांच्या शेतातल्या पाटीला. त्यांची तीन एकर जमीन होती आणि दर वर्षी त्यातली एक पट्टी ते न पेरता विसाव्याला ठेवत. आपल्याकडे रान रिकामं दिसलं की लोक त्याला पडीक म्हणतात, आणि पडीक म्हटलं की कुणाचीही शेळी तिथं चरते, मग बैलगाडी जाते, मग वाट पडते, आणि दोन वर्षांनी ती वाट गावाची होते. शिरस्तेदारांनी पत्र्याची पाटी रंगवून बांधावर उभी केली: 'हे रान पडीक नाही. तहकूब आहे. पेरणी येत्या मृगात.' रस्त्यानं जाणारी पोरं मोटारसायकली थांबवून पाटीसोबत फोटो काढत. शिरस्तेदारांना त्याचं काही नव्हतं. मृगात ते पेरत, आणि पाटी उपटून पुढच्या पट्टीत नेऊन रोवत. त्यांच्या रानातून वाट कधी पडली नाही.

हा तारखेचा हट्ट आला कुठून, हे मी एकदाच विचारलं. त्या दिवशी ते विनोदाच्या मनःस्थितीत नव्हते. म्हणाले, नोकरीच्या पहिल्या वर्षी पोखर्णीकडची एक विधवा बाई वाटणीच्या दाव्यासाठी कोर्टात यायची. एक दिवस साहेब रजेवर होते. काम पुढं गेलं. तिनं पायरीवर यांना विचारलं, मालक, आता कधी येऊ? हे घाईत होते. "कळवू," म्हणाले आणि निघून गेले. तिला कोण कळवणार? मग ती बाई दर सोमवारी भाकरी बांधून यायला लागली. दिवसभर पायरीवर बसायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. कितीतरी सोमवार आल्यावर यांच्या ध्यानात आलं.

"तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "तिनं मला इचारलं, मालक, आज कळवणार का?"

त्यानंतर निवृत्तीपर्यंत त्यांनी एक नियम पाळला. तारीख घेतल्याशिवाय कुणालाही पायरी उतरू द्यायची नाही. ज्याला वाचता येत नाही त्याच्या तळहातावर ते शाईनं तारीख लिहीत आणि दोनदा म्हणून घेत.

आता वाचनालयाचं सांगते, कारण त्याच्यावरूनच हा माणूस पुरा कळतो.

वाचनालय म्हणजे बस थांब्याजवळच्या दोन खोल्या, बाहेर ओटा, आत सहा लोखंडी कपाटं, दोन लांब टेबलं, एक पंखा. दुपारी तीन ते चार हा तास बायकांचा. ही कल्पना माझी, पण ती टिकवली शिरस्तेदारांनी. या तासाला पुरुषानं उंबरा ओलांडायचा नाही. चिटणीस असून ते स्वतःही ओलांडत नसत. ओट्यावर खुर्ची टाकून रस्त्याकडे तोंड करून बसत. कुणी पेपर वाचायला आलाच तर, "चारला या." बस्स.

येणाऱ्या बायकांत एक होती वाचनालयाच्या अध्यक्षांची सून. माहेर राणीसावरगावचं, म्हणून तिला सगळे सावरगावची म्हणत. अध्यक्ष म्हणजे गावातले वजनदार गृहस्थ. घरात त्यांच्यापुढं कुणी मान वर करत नसे. ही पोर बारावी झाली, बी.ए.चं पहिलं वर्ष दिलं आणि लग्न झालं. पहिले काही दिवस ती नुसतीच पुस्तकं चाळायची. एकदा शिरस्तेदारांनी खिडकीतून विचारलं, "काय शिकलीस ग, माय?"

"बी.ए. करायले होते, नाना. लग्नात सुटलं."

"सुटलं का तहकूब झालं?"

ती हसली. तिला वाटलं म्हातारा गंमत करतोय.

"हसू नको. सुटलं असंल तर आमचं काही म्हणणं न्हाई. तहकूब असंल तर तारीख सांग."

तिनं हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "जूनात फॉर्म निघत्यात."

जूनमध्ये तिनं बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म भरला. मी तो तपासला. घरी फक्त नवऱ्याला माहीत होतं, आणि तो पुण्याला कंपनीत. सासऱ्यांना वाटत होतं, सून मासिकं बघायला जाते. तिची पुस्तकं आम्ही शेवटच्या कपाटात खालच्या फळीवर ठेवायचो. दिवसातून तो एक तास. त्यात तिनं दुसरं वर्ष काढलं. तिसरं वर्ष सुरू झालं आणि अध्यक्षांच्या डोक्यात गाळे आले.

बस थांब्याजवळची जागा, तिथं दुकानांचे गाळे चांगले निघतील, वाचनालयात तसंही कोण येतं, असं ते बोलू लागले. "आता मोबाइलात सगळं हाय," हा त्यांचा मुद्दा. "शिरस्तेदार, चार गंजक्या कपाटांसाठी कशाला ताणायलाव?"

"कपाटं गंजलीत, खरंय. रंग द्यायला पायजे," शिरस्तेदार म्हणत.

शेवटी अध्यक्षांनी वाचनालय बरखास्त करण्यासाठी विशेष सभा बोलावली. रविवारी सकाळी अकरा वाजता. नोटीस व्हॉट्सअॅपवर आली. शिरस्तेदारांनी ती कागदावर उतरवून नियमाप्रमाणे दारावर चिकटवली, खाली ठळक अक्षरात वेळ लिहिली. अध्यक्षांकडे वीस-बावीस सभासद पक्के होते. आमच्याकडे मी, शिरस्तेदार आणि वहिनी. मी मनातून हरले होते. तसं बोलून दाखवलं.

"बाई, नोटीस वाचली का?"

"वाचली."

"किती वाजता हाय?"

"अकरा."

"मग अकराला या."

रविवारी अकराला पाच कमी असताना मी पोचले. वहिनी मेथीची जुडी घेऊन आल्या होत्या. आणखी कुणी नाही. कारण अध्यक्षांनी आपल्या माणसांना सभेआधी घरी नाश्त्याला बोलावलं होतं. चुरमुऱ्यांची सुशीला, जिलेबी, दोनदा चहा. आणि आपल्या गावात अकरा म्हणजे बारा, हे काल जन्मलेल्या पोरालाही ठाऊक. मी तीस वर्षं या गोष्टीवर चिडत आले आहे. तो एकच दिवस मी चिडले नाही.

अकराच्या ठोक्याला शिरस्तेदार उभे राहिले आणि रिकाम्या खुर्च्यांना उद्देशून त्यांनी वाचलं, की गणपूर्तीला पंधरा सभासद लागतात, हजर तीन, सबब सभा तहकूब. नियमाप्रमाणे हीच सभा अर्ध्या तासानं याच ठिकाणी होईल आणि तिला गणपूर्तीची अट राहणार नाही. पोरांनो, हा नियम आपल्याकडे प्रत्येक संस्थेच्या नोटिशीत शेवटच्या ओळीत असतो. तो कुणीच वाचत नाही.

अर्धा तास आम्ही बसलो. दार सताड उघडं होतं. वहिनी मेथी निवडत म्हणाल्या, "आन् आले म्हंजे?"

"आले तर आले. येळेत आलेल्याला कोण अडवतंय?"

कुणी आलं नाही. साडेअकराला सभा पुन्हा सुरू झाली. मला अध्यक्षस्थानी बसवलं. शिरस्तेदारांनी सूचना मांडली, की वाचनालय बरखास्त करण्याचा ठराव नामंजूर करण्यात यावा.

"अनुमोदन?" मी विचारलं.

"आमचंच की. लिहा," वहिनी म्हणाल्या. "आन् लवकर उरका, मेथी झाली."

सभा संपली. बाराला पाच कमी असताना मंडळी तोंडं पुसत आली. अध्यक्षांनी इतिवृत्तावरची शाई बघितली आणि त्यांचा आवाज चढला. "तीन माणसांत सभा? ह्यो कोणता कायदा?"

शिरस्तेदारांनी नियमांचं पुस्तक उघडून ओळीखाली बोट ठेवलं. "ह्यो. आन् खाली सही तुमचीच हाय, साहेब."

खरं सांगते, घरी येताना मला थोडं खटकत होतं. मी म्हणाले, हे सरळ झालं का? ते म्हणाले, "बाई, दार उघडं होतं."

पण अध्यक्ष काही कच्चे नव्हते. भादव्यातल्या एका बाजाराच्या दिवशी, हॉटेलासमोर भर गर्दीत त्यांनी शिरस्तेदारांच्या खांद्यावर हात ठेवला. मी भाजी घेत होते.

"शिरस्तेदार, तुमचं आमचं भांडण नको. बरखास्त नको म्हणता ना? नको. छत गळायलंय, खरं का न्हाई?"

"गळायलंय."

"मग दुरुस्तीपुरतं तहकूब करू. तुमचाच शब्द. आता तरी राजी?"

लोक हसले. चपखल बसला होता डाव. जन्मभर ज्या शब्दावर हा माणूस उभा राहिला, तोच त्याच्यापुढं धरला होता, आणि नाही म्हणावं तर छत खरंच गळत होतं. मला सावरगावचीचं तोंड आठवलं. परीक्षा फाल्गुनात होती. एकदा कुलूप लागलं की ते कोण काढणार?

शिरस्तेदार शांतपणे म्हणाले, "तारीख?"

"बघू की. काम झालं की."

"तारीख न्हाई तर तहकूब न्हाई. तुमच्या मनात जे हाय, त्याला दुसरा शब्द हाय. त्यो वापरा, इथं, सगळ्यांसमोर."

हसणं थांबलं. अध्यक्ष म्हणाले, "बरं, दिवाळीनंतर."

"दिवाळीनंतर लय दिवस असत्यात."

"काय तरी चिवट माणूस! लिहा, कार्तिकी पौर्णिमेनंतरचा पहिला सोमवार. झालं?"

"किती वाजता?"

"दुपारी तीन!" अध्यक्ष ओरडले. रागातच. हॉटेलवाल्याच्या पाठकोऱ्या कागदावर शिरस्तेदारांनी ते लिहिलं आणि अध्यक्षांनी सही केली. त्यांना वाटलं असेल, कागदाचं काय, उडून जातो.

दोन खोल्यांना नवं कुलूप लागलं, किल्ली अध्यक्षांकडे. सावरगावचीची पुस्तकं वहिनींनी आधीच उचलून घरी नेली होती. पण वाचनालय बंद म्हटल्यावर ती घरातून निघणार काय सांगून? त्या अडीच महिन्यांत ती दोनदाच येऊ शकली, तीही दिवाळीच्या चकल्यांचं निमित्त करून, आणि दुसऱ्यांदा आली तेव्हा चुलीजवळ बसून रडली. "औंदा राहू द्या, बाई," ती मला म्हणाली. "पुढच्या साली बघू." शिरस्तेदार दारात उभे होते. 'बघू' त्यांनी ऐकलं. आत येऊन त्यांनी कोटाच्या खिशातला तो पाठकोरा कागद काढला, तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "वाच." तिनं वाचला. खालची सही तिच्या ओळखीची होती.

छताला त्या काळात कुणी हात लावला नाही. मात्र एक माणूस येऊन दाराची रुंदी मोजून गेला, शटरसाठी.

ठरलेल्या सोमवारी मी पावणेतीनला गेले. शिरस्तेदार ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. वहिनी पदराखाली पुस्तकं घेऊन उभ्या. हळूहळू सात-आठ बाया जमल्या. सावरगावची त्यांत नव्हती. अध्यक्ष मात्र आले होते, कारण शिरस्तेदारांनी त्यांना आठ दिवस आधी लेखी आठवण दिली होती.

"काम काही झालं न्हाई," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "अजून चार महिने तहकूब ठिवू."

"ठिवू की," शिरस्तेदार म्हणाले. "पण आधी सुरू तर झालं पायजे. कुलूप काढा, बाया बसू द्या, मग मांडा ठराव. जे सुरू न्हाई ते तहकूब कसं करता?"

"किल्ली घरी राहिली."

"आणा."

"सापडंना म्हणून तर म्हणायलोय!"

तीन वाजले. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एक-दोघी तर परत निघाल्या होत्या. तेवढ्यात समोरच्या गल्लीतून सावरगावची आली. डोक्यावरून पदर, चाल भरभर, नजर खाली. ती सासऱ्यांच्या बाजूनंच ओट्यावर चढली. मूठ उघडली. किल्ली होती.

"देवघरातल्या खुंटीला होती, मामा," ती म्हणाली.

अध्यक्षांचं तोंड उघडंच राहिलं. "तुला कुणी सांगितलं आणायला?"

"कागदावर लिहिलंय. तारीख आजचीच हाय. सही तुमचीच हाय."

आवाज बारीक होता, पण अडखळला नाही. पहिल्यांदा किल्ली उलटी लागली. आम्ही कुणीही मदतीला गेलो नाही. मी जाणार होते, शिरस्तेदारांनी डोळ्यांनीच थांबवलं. दुसऱ्यांदा कुलूप निघालं. दार उघडल्यावर कोंदट वास आला आणि एक पाल पळाली. बाया आत गेल्या. वहिनींनी पुस्तकं टेबलावर ठेवली, वरच इतिहासाचं, तिसऱ्या वर्षाचं. अध्यक्षांना ते ओट्यावरूनच दिसलं असणार. त्यांनी एक पाय उंबऱ्याकडे टाकला.

सावरगावचीनं दारावर हात ठेवला.

"चारला या, मामा. आता बायकांची वेळ हाय."

रस्त्यावरची माणसं थांबली होती. अध्यक्षांनी शिरस्तेदारांकडे पाहिलं, जणू यांनीच काहीतरी सांगावं. शिरस्तेदारांनी आपली खुर्ची जराशी सरकवली आणि भिंतीला टेकवलेली दुसरी उघडली.

"बसा, साहेब. हिकडं सावली हाय."

ते बसले. काय करणार? निघून जावं तर बाजारभर झालं असतं. खिडकीतून मला दोन पाठमोरी डोकी दिसत होती, एक टोपीचं, एक टकलाचं.

मग अध्यक्षांनी विचारलं, "किती वाजले?"

"तीन वाजून सहा मिनिटं."

आत मी पंखा लावला आणि दार लोटून घेतलं.